शाळेतली लुटुपुटूची कंपनी आणि ‘घरचंच आहे’चा हिशोब

प्रश्न: गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या सरांनी विचारलं आहे: आमच्याकडे दर जानेवारीत आनंदबाजार भरतो. मुलं भेळ, वडापाव, सरबत विकतात, गल्ला जमतो, मजा येते. पण यातून मुलं धंदा शिकतात असं मला वाटत नाही. वर्षभर लुटुपुटूची कंपनी चालवून शिकवता येतं असं ऐकलं. आठवी-नववीला ते झेपेल का? पैसे खरे घ्यावेत की खोटे? आणि तोटा झाला तर पालकांना काय सांगायचं?

उत्तर:

सर, आनंदबाजारापासूनच सुरुवात करते. मी देवगड तालुक्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि गेली चौदा वर्षं आठवी-नववीकडून कंपनी चालवून घेते. याची सुरुवात आमच्या आनंदबाजारातल्या एका सरबताच्या टेबलापासून झाली.

आठवीतल्या चार मुलांनी कोकम सरबत लावलं होतं. दहा रुपये ग्लास. दुपारपर्यंत १२० ग्लास खपले, १२०० रुपयांचा गल्ला. मी विचारलं, नफा किती? मुलं तयारीतच होती. कागदी ग्लास ९० रुपये, बर्फ ६०, जिरं-मीठ २०, एकूण खर्च १७०. नफा १०३० रुपये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी विचारलं, "आणि कोकम?" त्यातला एक म्हणाला, "बाई, ता घरचाच आसा. तेका पैशे खंय लागतत?"

अमृत कोकमाच्या चार बाटल्या त्याच्या आईने आदल्या मे महिन्यात भरल्या होत्या. रातांबे (कोकमाची फळं) गोळा करायचे, धुवायचे, फोडायचे, बिया काढायच्या, साली साखरेत घालून बरणी रोज उन्हात ठेवायची आणि पाऊस यायच्या आत सगळं आवरायचं. ज्यांच्या घरी हे चालतं त्यांना त्यातला घाम माहीत आहे. त्या बाटल्या तिने बाजारात दिल्या असत्या तर त्या वेळी बाटलीला १४० रुपये मिळाले असते. चार बाटल्यांचे ५६०. म्हणजे नफा उरला ४७०. सकाळी दोन तास तिने सरबत कालवलं, टाकी घासून दिली. गावातल्या मजुरीच्या दराने त्याचे १०० रुपये. उरले ३७०. चार मुलं तीन-तीन तास उभी होती, म्हणजे बारा तास. तासाला जेमतेम ३१ रुपये. त्यात टेबल शाळेचं, जागा फुकट आणि गिऱ्हाईक आवारात आयतं आलेलं.

हा हिशोब मी फळ्यावर मांडला तेव्हा वर्ग गप्प झाला. मलाही त्या रात्री झोप लागली नाही, कारण तो मुलगा काही वेगळं बोलला नव्हता. नारळ घरचे, काजू घरचे, कुळीथ घरचा आणि राबणंही घरचंच, असं आपण सगळेच बोलतो. खर्च शून्य धरून माल विकला की विकणाऱ्याला प्रत्येक वेळी नफाच दिसतो. आणि काही वर्षांनी तोच माणूस म्हणतो की गावात काही राहिलं नाही, पोराला मुंबईला धाडूया. कोकणातल्या शाळेत धंदा शिकवायचा तर तो या शून्यापासून शिकवावा लागतो, असं माझं ठाम मत आहे. आनंदबाजार एका दिवसाचा असतो, गल्ला मोजला की संपतो. हे शून्य पकडायला त्यात वेळच मिळत नाही. म्हणून वर्षभराची कंपनी.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत ‘ज्युनियर अचीव्हमेंट’ ही संस्था १९१९ साली स्प्रिंगफील्डमध्ये सुरू झाली. त्यांच्या पद्धतीत मुलं छोटे शेअर विकून भांडवल उभं करतात, वस्तू बनवून विकतात आणि वर्षाअखेर कंपनी बंद करून हिशोब देतात. ऑस्ट्रिया-जर्मनीतल्या वाणिज्य शाळांत दुसरी तऱ्हा आहे. तिथल्या सराव-पेढीत माल आणि पैसा दोन्ही लुटुपुटूचे, पण मागणीपत्र, बीजक (मालाचं बिल), पगारपत्रक, कर, पत्रव्यवहार सगळं खऱ्यासारखं, आणि व्यवहार दुसऱ्या शाळांच्या तशाच पेढ्यांशी. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१९ पासून नववी ते बारावीला उद्योजकतेचा अभ्यासक्रम आला आणि पुढे अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी २००० रुपये बीजभांडवल दिलं गेलं. आपल्याकडची मुळं तर याहून जवळची आहेत. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं, आणि पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करून शाळकरी मुलांना गावाला उपयोगी पडणारी कामं शिकवली. मी यातलं काहीच जसंच्या तसं उचललं नाही. ऑस्ट्रियाची तऱ्हा आठवीला लावली, अमेरिकेची नववीला. तुमच्या खरे की खोटे या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं: आधी खोटे, मग खरे, आणि दोन्हींना एकेक पूर्ण वर्ष.

आठवीचं वर्ष सांगते. चाळीस मुलं असतील तर आठ-आठच्या पाच पेढ्या. एक घाऊक माल घेणारी, एक फळप्रक्रियेची, एक डबे-पिशव्या पुरवणारी, एक वाहतुकीची, एक पर्यटकांसाठी घरगुती खानावळ चालवणारी. प्रत्येकीला शाळेच्या बँकेतून ५००० शाळा-रुपयांचं कर्ज. बँक म्हणजे मी. कर्जाला सरळव्याज, आणि अर्ज नीट लिहिला नसेल तर तो परत. पैसे म्हणजे शाळेचा शिक्का मारलेले पुठ्ठ्याचे तुकडे. (खऱ्या नोटांच्या झेरॉक्स काढून वापरू नका, तो कायद्याने गुन्हा आहे.) माल म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या. पण कागद मात्र खरे: मागणीपत्र, कर बीजक, पावती, रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), खतावणी (खात्यांप्रमाणे नोंदी). दहावीच्या ‘अर्थनियोजन’ प्रकरणात जीएसटी, कर बीजक, शेअरची दर्शनी किंमत हे सगळं येतंच. ज्या मुलाने आठवीत स्वतःच्या हाताने बीजक फाडलं आहे त्याला ते दहावीत शिकवावं लागत नाही. गणिताच्या शिक्षिकेला याहून काय हवं.

दर सोमवारी प्रत्येक पेढी डब्यातून एक चिठ्ठी उचलते. घाटात दरड कोसळली, ट्रक दोन दिवस अडकला. तीन दिवस लाईट नाही, फ्रिजरमधला पल्प गेला. खानावळीचं पर्यटकांचं बुकिंग रद्द, आगाऊ रक्कम परत द्या. या चिठ्ठ्या मी बसून रचल्या नाहीत, मुलांनीच घरी विचारून आणल्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडावरचा आंबा कसा खाली पडला ते आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या उत्तरेकडच्या मुलांना जून २०२० चं निसर्ग वादळ आठवत असेल. एका पेढीने जूनमध्ये ताज्या मासळीचं ताट लावायचा बेत केला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला की १ जून ते ३१ जुलै बोटी बंदरात असतात. मत्स्यव्यवसाय विभागाचा नियम सगळ्या वर्गाला पाठ होता, फक्त धंद्याचा बेत आखताना कुणाला आठवला नव्हता. अशी जागा सापडली की मी वीस मिनिटं तिथेच थांबते.

सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते उधारीतून. एका वर्षी दोन जिवलग मैत्रिणी दोन पेढ्यांत होत्या. डब्यांच्या पेढीचे प्रक्रियेच्या पेढीकडे ८०० शाळा-रुपये अडकले. मी सांगितलं, स्मरणपत्र लिही. पहिला मसुदा असा होता: "तू पैसे दिले नाहीस म्हणून मी तुझ्याशी बोलणार नाही." मी परत दिला. दुसऱ्यात ती इतकी विरघळली की पैसे मागितले आहेत हेच कळेना. "जमेल तेव्हा, घाई नाही" असा शेवट. तिसऱ्या खेपेला तिने बीजकाचा क्रमांक लिहिला, तारीख लिहिली, रक्कम लिहिली, आणि खाली एकच वाक्य: "येत्या सोमवारपर्यंत रक्कम मिळावी, ही विनंती." सोमवारी ५०० आले, ३०० चा वायदा लिहून मिळाला. मैत्री टिकली. आपल्याकडे वाडीतला किराणा दुकानदार बुडतो तो बहुतेकदा याच तिसऱ्या पत्रावाचून, ते लिहायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं म्हणून.

खोट्या पैशांत एक गोष्ट शिकता येत नाही. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं, उलटीपालटी करतं, परत ठेवतं आणि काही न बोलता पुढे जातं. तेव्हा जे पोटात होतं, ते पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी होत नाही. म्हणून नववी.

नववीच्या वर्गाची एकच कंपनी असते. दहा रुपयांचा एक शेअर, एकाला जास्तीत जास्त पाच, आणि विक्री फक्त शाळेतली मुलं, शिक्षक आणि शिपाईमामा यांना. दीड-दोन हजारांवर भांडवल जाऊ देत नाही. ही कायद्याच्या अर्थाने कंपनी नव्हे, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ११ व्या कलमाप्रमाणे अठराच्या आतल्या व्यक्तीला करार करता येत नाही. त्यामुळे बाहेरच्या कुणाशी व्यवहार करायचा तर सही मुख्याध्यापकांची. पालकांचं संमतीपत्र घ्या. रोकड मुख्याध्यापकांच्या कपाटात, उघडताना दोन मुलांच्या सह्या. कुणा मुलाला मजुरी म्हणून पैसे द्यायचे नाहीत. शाळेच्या वेळात गावात विकायला पाठवायचं नाही. एवढं पाळलं तर कुणी बोट ठेवत नाही.

खाण्याच्या वस्तू मुलांकडून बनवून विकू नका. अन्नपदार्थ विकायला अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, आणि मुख्य म्हणजे एखाद्याचं पोट बिघडलं तर पोरांच्या मनातून ते जन्मभर जात नाही. मी नोंदणी असलेल्या महिला बचत गटाकडून बंद पाकिटं घेऊ देते, ती जशीच्या तशी विकायची. आनंदबाजारात मात्र सरबत चालतं, तिथे बर्फाकडे लक्ष ठेवा. एका वर्षी एका मुलाच्या काकांनी प्रेमाने बंदरावरचा मासळीचा बर्फ पाठवला होता. तो पिण्याचा बर्फ नसतो. सगळी टाकी ओतून टाकावी लागली.

काय विकायचं हे मुलांना ठरवू द्या, पण कॅलेंडर समोर ठेवून. आमचा हापूस शाळेच्या वर्षात बसतच नाही, परीक्षा आणि आंबा एकत्रच येतात. आपल्याला मिळतात त्या संधी तीन. एक गणपती, चाकरमानी येतात तेव्हा. आमच्याकडे माटवीला (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधायचं सामान, कांगणी, हरणं, कवंडाळ, रानात फिरून गोळा करायला मुंबईहून आलेल्यांना वेळ नसतो आणि आता वाटाही ठाऊक नसतात. दुसरी दिवाळी. तिसरी देवदिवाळीनंतरच्या जत्रा. आणखी एक धंदा मला मनापासून आवडतो, तो म्हणजे रोपवाटिका. पावसाच्या सुरुवातीला आंब्याची कोय कलमं बांधायची. त्यातली काही मरतात, काही उरतात, आणि विकायची ती पुढच्या पावसाळ्यात. म्हणजे वर्षअखेरीला कंपनीकडे पैसा नसतो, पण माल उभा असतो. त्याची किंमत ताळेबंदात काय धरायची? यावर माझा वर्ग दोन तास भांडलाय, आणि इतकं शहाणं भांडण मी शिक्षकांच्या सभेतही ऐकलेलं नाही.

आता वहीबद्दल. आमच्या वहीत खर्चाचे दोन रकाने असतात. पहिला ‘रोख गेले’. दुसरा ‘गेलं पण दिसलं नाही’. आईची मजुरी, बाबांच्या गाडीचं पेट्रोल, परसातलं केळीचं पान, शाळेची वीज, मुलांचे स्वतःचे तास, सगळं दुसऱ्यात. कुठल्याही ओळीपुढे शून्य लिहायचं नाही, बाजारात त्याचे किती पडले असते ते विचारून यायचं. पहिला रकाना गल्ल्याशी जुळला पाहिजे, आणि भाव ठरवताना दोन्ही रकान्यांची बेरीज समोर हवी. बाकी सगळं सोडलंत तरी चालेल, हे दोन रकाने सोडू नका.

माझी एक चूक सांगते, ती तुम्ही करू नये म्हणून. पहिल्या वर्षी मी उटण्याची कंपनी काढली. मीच सामान आणलं, मीच पाकिटाचं चित्र ठरवलं, मीच भाव लावला. ३००० रुपये नफा झाला, संस्थेच्या सभेत माझा सत्कार झाला. नंतर एका मुलीला पाहुण्यांनी विचारलं, भाव तीसच का ठेवला? ती म्हणाली, "बाईंनी सांगितला." वर्षभर मुलं माझ्या दुकानात नोकरी करत होती. तेव्हापासून मी भावाच्या बैठकीत बोलत नाही. समोर चूक दिसत असते, तोंडावर येतं, तरी बोलत नाही. शिकवण्याच्या धंद्यात याहून अवघड काही नाही.

दुसऱ्या वर्षी जास्त नफ्याला बक्षीस ठेवलं, तेही चुकलं. मुलं शिक्षकांना भिडेला घालून वस्तू खपवू लागली. आता बक्षीस नाही. गुण देते ते वहीला आणि निर्णयाच्या कारणांना. भाव का उतरवला, कुणी विरोध केला, काय ठरलं, हे इतिवृत्तात आलं पाहिजे.

आणि कामं फिरवा, दर तीन आठवड्यांनी. आपोआप सोडलं की मुली हिशोब लिहीत बसतात आणि मुलगे गल्ल्यावर उभे राहतात. हे पाहून मला फार वाईट वाटतं, कारण आमच्या मासळीबाजारात भाव बोलणाऱ्या बायकाच आहेत. म्हणून दरवर्षी एका मासेविक्रेत्या मावशींना वर्गात बोलावते. पहाटे बंदरावर लिलावात टोपली कितीपर्यंत ताणायची, वाटे कसे लावायचे, सकाळी आठचा भाव आणि अकराचा भाव यात किती फरक ठेवायचा, उरलं तर मीठ कधी लावायचं, हे त्या जमिनीवर खडूचे तुकडे मांडून दाखवतात. एका मुलीने विचारलं, अकराला भाव उतरवताना वाईट नाही वाटत? मावशी म्हणाल्या, "मासो थांबणा नाय गो चेडवा." नाशवंत मालाची किंमत हा धडा कुठल्याही पुस्तकातून माझ्याच्याने इतका नीट शिकवून झाला नव्हता.

आता तोटा. तुम्ही शेवटी विचारलंत, पण पालकांच्या मनात तो पहिला असतो.

एका वर्षी नववीने आकाशकंदील केले. १५० शेअर, भांडवल १५००. साठ कंदिलांच्या कामट्या ६०० रुपयांच्या, कागद ६६०, दोरा आणि खळ १२०, एकूण १३८०. म्हणजे कंदिलाला २३ रुपये, तेही फक्त रोख. भाव लावला ३०. पहिल्या चार दिवसांत २२ गेले. मग बाजारातल्या एका दुकानात २५ ला कंदील लागले आणि आमची विक्री थांबली. सुट्टी लागायला दोन दिवस उरले होते. बैठकीत मुलांनी २० वर यायचं ठरवलं. २३ ला पडलेली वस्तू २० ला का विकायची, यावर रडारड झाली. एक मुलगा म्हणाला, दिवाळीनंतर याचे दोन रुपयेही येणार नाहीत, आज २० तरी येतील. त्याचं पटलं. २४ गेले, १४ उरले. हातात रोकड १२६०.

शेअरमागे ८ रुपये ४० पैसे परत मिळणार हे घरी कळल्यावर एक बाप शाळेत आला. आंबा बागायतदार, घुश्शात. "बाई, पोरांक शाळेत अभ्यास शिकवतास की धंद्यात बुडूक शिकवतास?" मी वाद घातला नाही, त्यांच्या पुढ्यात वही ठेवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ओळ न् ओळ वाचली. मग बोट एका जागी थांबलं. "कागद कणकवलीसून हाडलास ना? मगे पेट्रोल कोणी घातल्यान?" दुसऱ्या रकान्यातही ते नव्हतं. मुलगा खाली मान घालून उभा होता, कारण कागद त्यांच्याच मोटरसायकलवरून आला होता.

ते गेले. मला वाटलं विषय संपला. पुढच्या आठवड्यात ते परत आले ते तारेला ओवलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन. वाशीच्या फळबाजारातल्या दलालाकडून आलेल्या हिशोबाच्या पट्ट्या, एका अख्ख्या हंगामाच्या. त्या दिवशी माझा तास त्यांनीच घेतला. वर पेट्यांची संख्या, डझनाप्रमाणे लावलेला भाव, खाली वजा भाडं, वजा हमाली, वजा दलाली, आणि तळाला उरलेली रक्कम. मुलांनी तळाच्या रकमा मिळवल्या, आकडा मोठा आला, वर्ग खूश. मग त्यांनीच विचारलं, ह्यात काय नाय? हात वर होऊ लागले. पेटी. पेंढा. फवारणी. खत. राखण. काढणीचे मजूर. शेवटी त्यांचाच मुलगा म्हणाला, "तुमचो वेळ." ते काही बोलले नाहीत. पट्ट्या परत तारेला ओवून ठेवल्या. पुढच्या वर्षीपासून ते दर जूनमध्ये स्वतःहून येतात.

त्यामुळे पालकांना काय सांगायचं, तर आधी काही सांगू नका, वही दाखवा. पन्नास रुपयांच्या वर कुणाचेच गुंतलेले नसतात, हे संमतीपत्रातच लिहिलेलं असू द्या. आपल्याकडचे पालक धंद्यात अडाणी नाहीत. बागा, होड्या, जत्रेतली खाज्याची दुकानं सांभाळणारी माणसं आहेत ती. त्यांना वही वाचता येते, शाळेने ती त्यांच्यासमोर कधी ठेवलेली नसते इतकंच.

वेळ कुठून आणायचा, तर आठवड्याला दोन तासिका काढल्या की पुरतात. सहावी ते आठवीला २०२० च्या शैक्षणिक धोरणाने दहा दिवस दप्तराविना ठेवलेत, ते काथ्याच्या, काजूच्या कारखान्यात किंवा रोपवाटिकेत घालवा. दहावीला हात लावू नका. आणि मूल शिकलं की नाही हे तपासायला मी वर्षअखेरीला एकच प्रश्न विचारते, हातात कुठलीही एक वस्तू देऊन: ही कितीच्या खाली विकलीस तर तुला परवडणार नाही, आणि कुठल्या दिवशी तू तरीही विकशील? पहिल्या भागाचं उत्तर बहुतेकांना येतं. दुसऱ्याचं ज्याला येतं, तो गल्ल्यावर उभा राहिलेला असतो.

कंपनी बंद करण्याची सभा टाळू नका. पुष्कळ ठिकाणी विक्री झाली की विषय सोडून देतात आणि उरलेला माल कपाटावर धूळ खातो. आम्ही फेब्रुवारीत सर्वसाधारण सभा भरवतो, आठवीलाही बोलावतो, कारण पुढच्या वर्षी कंपनी त्यांची. कंदिलांच्या त्या सभेत १४ कंदिलांची किंमत काय धरायची हा प्रश्न आला. नववीचं म्हणणं शून्य, कागद विटलाय. तेव्हा आठवीतली एक मुलगी उठून पुढे आली, तिने एक कंदील उचलला, कागद फाडून काढला आणि सांगाडा दोन्ही हातांनी दाबून पाहिला. "कामट्ये बरे आसत," ती म्हणाली, "आमी घेतो." नववीने लगेच ६ रुपये सांगितले. तिने वही उघडली, कामटीचा दर पाहिला, सांगाडा बांधायला लागणारा वेळ विचारला, वर्षभर ठेवायची जागा आणि उंदरांचं काय करायचं तेही विचारलं. ४ ला सौदा झाला. ५६ रुपये नववीच्या रोजकीर्दीत जमा झाले, शेअरमागे ८ रुपये ७५ पैसे वाटले गेले, आणि वाटून उरलेल्या साडेतीन रुपयांची पावती तिने शाळेच्या नावाने फाडायला लावली.